‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपारी ओपीडी संपत आली की एखादी बाई दारात थांबते. हातात कापडदुकानाची पिशवी, त्यात सोनोग्राफीची फाईल. ‘मॅडम, गर्भपिशवी काढायला सांगितलीय. पंधरा दिवसांत करून घ्या म्हणाले. करू का?’ मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकते, आणि त्याच्यामागून येणारे प्रश्नही ठरलेले असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. तुमची तपासणी मी केलेली नाही, म्हणून हे वाचून कुठलं औषध सुरू किंवा बंद करू नका. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं, ते मात्र इथून घेऊन जा.

अंगावरून किती गेलं म्हणजे ‘जास्त’ म्हणायचं?

पाळी २४ ते ३८ दिवसांनी येणं आणि आठ दिवसांच्या आत थांबणं, एवढं सगळं नॉर्मलमध्ये बसतं. ८० मिलीलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते जास्त, असं आमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण घरी रक्त कोण मोजणार? म्हणून मी साधे प्रश्न विचारते. पॅड तासा-दोन तासांनी बदलावं लागतं का? कपडे भरतील या धास्तीने रात्री उठावं लागतं का? रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का? पाळीच्या दिवसांत शेतात जाणं, शाळेत शिकवायला जाणं, नातेवाइकांकडचं कार्य टाळावं लागतं का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ असलं तरी दाखवायला हवं.

येताना वही घेऊन या. मुलाच्या जुन्या वहीची उरलेली पानंही चालतात. रोज एक ओळ: तारीख, किती पॅड किंवा घड्या लागल्या, त्या पूर्ण भिजल्या की अर्ध्या, गाठी पडल्या का. तीन महिन्यांची अशी वही एखाद्या महागड्या तपासणीइतकं सांगून जाते. ‘खूप जातं’ म्हणणाऱ्या काही बायकांचं रक्तस्रावाचं प्रमाण ठीक निघतं, आणि ‘आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं’ म्हणून गप्प बसलेलीचं हिमोग्लोबिन साडेसहावर आलेलं असतं.

रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या, पण त्या सोसत नाहीत. काय करू?

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. त्यामुळे धाप लागणं, पाय ओढणं, जिना चढताना छातीत धडधडणं हे ‘वयाचं’ म्हणून सोडून दिलं जातं.

लोहाच्या गोळीने मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, नाहीतर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एक दिवसाआड घेतलेलं लोह अंगी चांगलं लागतं असं दिसून आलं आहे. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. तरीही जमत नसेल किंवा रक्त फारच कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. पण एक लक्षात ठेवा, वरून भरत राहायचं आणि खाली गळती तशीच, असं किती दिवस चालणार? गळतीचं कारण शोधावंच लागतं.

मग ते कारण कसं शोधतात?

‘अंगावरून जास्त जातं’ ही तक्रार आहे, आजाराचं नाव नव्हे. २०११ मध्ये ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या तक्रारीची कारणं नऊ गटांत मांडून दिली, आणि आजही आम्ही त्याच चौकटीत विचार करतो. काही कारणं डोळ्यांना दिसतात: आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब म्हणजे पॉलिप, अस्तर स्नायूत शिरून पिशवी जाड होणं म्हणजे अॅडेनोमायोसिस, फायब्रॉइडच्या गाठी, आणि कॅन्सर किंवा त्याच्या आधीची पायरी. काही कारणं सोनोग्राफीत दिसतच नाहीत: रक्त गोठण्यातला जन्मजात दोष, बीज वेळेवर न सुटणं, अस्तराचाच बिघाड, कॉपर-टी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम. उरलेली, कुठेच न बसणारी कारणं नवव्या गटात जातात.

या नऊ गटांपैकी पिशवी काढणं हाच पहिला उपाय असावा अशी कारणं फार थोडी आहेत.

कोणत्या तपासण्या खरोखर लागतात?

सगळ्यात आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरीही. नळीतला गर्भ कधीकधी असाच लक्षात येतो, आणि तो जिवावर बेततो. मग हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट, गरजेप्रमाणे थायरॉइड. त्यानंतर टेबलवरची तपासणी. ही वगळून नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर ऑपरेशन ठरलं असेल तर तिथेच थांबून विचारा. पिशवीच्या तोंडावरचा कोंब किंवा तोंडाचा कॅन्सर नळीने, म्हणजे स्पेक्युलम लावून, उघड्या डोळ्यांनी दिसतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत तो सहज निसटतो.

सोनोग्राफी शक्यतो खालून केलेली चांगली. लग्न न झालेल्या मुलींची ती पोटावरूनच करतात. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, किंवा त्याहून कमी वयात वजन खूप, मधुमेह, वर्षानुवर्षं अनियमित पाळी असं काही असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. एका बारीक नळीने बाह्यरुग्ण विभागातही तो घेता येतो, दर वेळी भूल देऊन क्युरेटिंग करावं लागत नाही. आत पॉलिपची शंका असेल तर दुर्बिणीने पाहून त्याच वेळी तो काढता येतो.

वयात आलेल्या मुलीला पहिल्याच पाळ्यांपासून धो-धो जात असेल, लहानपणी नाकातून रक्त यायचं, दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, अशी आठवण घरात असेल तर रक्त गोठण्याची तपासणी करा. ती तपासणी राहून गेल्याने पुढे बाळंतपणात जीव धोक्यात आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

रिपोर्टमध्ये ‘बल्की युटेरस’ लिहिलंय. पिशवीला सूज आहे म्हणतात. किती धोक्याचं आहे?

बहुतेक वेळा काहीच नाही. ‘बल्की’ म्हणजे नेहमीच्या मापापेक्षा जरा मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. मराठीत आपण त्याला ‘सूज’ म्हणतो आणि सूज म्हटलं की पू, सडणं, कॅन्सर असं सगळं डोळ्यांसमोर येतं. घाव भरल्यावर सूज उतरते तशी ही उतरायची वस्तू नाही, आणि उतरली नाही म्हणून काही बिघडत नाही. त्रास नसेल तर उपचारही नाही. त्याचबरोबर पाळीत असह्य दुखत असेल आणि जास्त जात असेल, तर अॅडेनोमायोसिस आहे का ते पाहायचं.

असेच घाबरवणारे आणखी तीन शब्द. ‘नॅबोथियन सिस्ट’ हे पिशवीच्या तोंडावरचे पाण्याचे बारीक फोड, त्यांना हात लावायची गरज नसते. ‘सिंपल ओव्हेरियन सिस्ट’, म्हणजे बीजांडकोशातली पाण्याची साधी गाठ, पाच सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पाळी चालू असलेल्या बाईची असेल तर ती बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. आणि ‘एंडोमेट्रियम १२ मिमी’: पाळी येणाऱ्या बाईचं अस्तर महिन्याभरात जाड-पातळ होतच असतं, पाळीच्या आधी १२ असणं ठीक आहे. पाळी गेलेल्या बाईचं १२ असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, त्याबद्दल पुढे येईल.

फायब्रॉइडच्या गाठी आहेत. पुढे कॅन्सर होईल का?

ही भीती घालून जितकी ऑपरेशनं होतात तितकी दुसऱ्या कुठल्या कारणाने होत नसावीत, असं माझं मत झालं आहे. फायब्रॉइड ही स्नायूची साधी गाठ आहे. ती कॅन्सरची निघण्याची शक्यता अतिशय कमी असते. पाळी गेली की गाठी आकसतात. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, फारसा त्रास नसताना, चार सेंटिमीटरच्या गाठीसाठी पोट उघडण्यापेक्षा सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करणं शहाणपणाचं.

गाठ कुठे आहे ते आकारापेक्षा महत्त्वाचं. आतल्या पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ रक्ताचा नळ सोडल्यासारखी वाहायला लावते. ती दुर्बिणीने खालून काढता येते, टाकाही लागत नाही. बाहेरच्या अंगाने लोंबणारी आठ सेंटिमीटरची गाठ अनेकदा काहीच त्रास देत नाही. मूल हवं असेल तर नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवता येते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. मात्र पाळी गेल्यानंतर गाठ वाढायला लागली तर थांबू नका, लगेच दाखवा.

अंगावरून पांढरं जातं. पिशवीच्या तोंडाला जखम आहे, न काढल्यास कॅन्सर होईल असं सांगितलं. खरं आहे का?

पांढरं जाण्यासाठी गर्भपिशवी काढणं चूक आहे. हे मी जपून न बोलता सांगते.

पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात पातळ, बिनवासाचं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी, मासळीसारखा वास असेल तर जंतूंचा बिघडलेला तोल, हिरवट-फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास. यांवर काही दिवसांच्या गोळ्या पुरतात, आणि शेवटच्या प्रकारात नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. खाज वारंवार उलटत असेल तर साखर तपासा. आतून साबणाने, डेटॉलने धुऊ नका, त्रास वाढतो.

आता ‘जखम’. पिशवीच्या तोंडाच्या आतला लाल, नाजूक थर काही बायकांमध्ये बाहेरच्या बाजूला दिसतो. जुन्या डॉक्टरी भाषेत त्याला ‘इरोजन’ म्हणत, त्याचं मराठीत ‘जखम’ झालं, कुठे ‘छाले’ म्हणतात. गालाच्या आतली बाजू ओठाबाहेर दिसावी तसं ते आहे. ती जखम नाही आणि त्यातून कॅन्सर होत नाही.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला की. म्हणून तपासणी करायची ती त्याची. याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर एक अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरिअलने दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून, पिशवीच्या तोंडावर नुसतं सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून पाहण्याची तपासणी केली. तिथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ही अॅसिडची तपासणी, व्हीआयए, सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ठेवलेली आहे. ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंना विचारा. दोन मिनिटांचं काम आहे. डाग निघाला तरी तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढतात. पिशवी जागेवर राहते.

ऑपरेशनशिवाय जास्त जाणं खरंच थांबतं का? औषधं तर खूप घेतली.

‘खूप घेतली’ म्हणणाऱ्या बाईची फाईल मी उघडते तेव्हा त्यात बहुधा कॅल्शियम, ताकदीचं सिरप, अँटिबायोटिक आणि तीन दिवसांची रक्त थांबवायची गोळी असते. पुरेशा मात्रेत, पुरेसे महिने उपचार झालेलेच नसतात.

सगळ्यात साधं म्हणजे ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड. हे हार्मोन नाही. फक्त जास्त जाणाऱ्या चार-पाच दिवसांतच घ्यायचं असतं. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या बाईने घेऊ नये. मेफेनॅमिक अॅसिडने दुखणंही कमी होतं आणि जाणंही. पाळी पुढे ढकलायला देवदर्शनाच्या वेळी घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी आमच्याकडे वेगळ्या हिशेबाने, महिन्यातले एकवीस-बावीस दिवस, उपचार म्हणून वापरतात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही पाळी हलकी होते, पण तंबाखू ओढणं, रक्तदाब, एका प्रकारची अर्धशिशी असेल तर त्या चालत नाहीत. सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘छाया’ गोळी तुम्हाला माहीत असेल. त्यातलं ऑर्मेलॉक्सिफेन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं, आणि जास्त जाण्यावरही ते वेगळ्या मात्रेत देतात. शेजारणीकडून आणून घ्यायची वस्तू मात्र ती नाही.

आणि मग हार्मोनची तांबी, ‘मिरेना’ या नावाने ओळखतात ती. ही दिसायला कॉपर-टीसारखी, पण काम बरोबर उलट: कॉपर-टीने जाणं वाढू शकतं, हिने घटतं. आत ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. ते रोज थोडं थोडं थेट अस्तराला मिळतं, रक्तात फार उतरत नाही. निवडलेल्या बायकांमध्ये जाणारं रक्त ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत कमी होतं आणि परिणाम पाच वर्षं तरी टिकतो. एक अट आहे, आणि ती कोणी सांगत नाही म्हणून बायका दोन महिन्यांत काढून घेतात: पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात. तेवढा धीर धरावा लागतो. नंतर पाळी नुसती टिपक्यांवर येते किंवा बंदच होते. बंद झाली म्हणजे ‘घाण रक्त’ आत साठतं असं मुळीच नाही. अस्तरच वाढलं नाही तर साठणार काय?

ही तांबी महाग वाटते. पण ऑपरेशन, दवाखान्यातले दिवस, बुडालेली मजुरी यांची बेरीज शेजारी लिहून पाहा.

मुलं झाली, ऑपरेशन झालं. आता पिशवीचा उपयोग तरी काय? एकदा काढली की कटकट गेली.

सासू म्हणते, नवरा म्हणतो, कधी बाई स्वतःच म्हणते. तिच्या बाजूने विचार केला तर ते कळतंही. ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे चारला उठते, फडात संडास नाही, पाणी नाही, पॅड बदलायला आडोसा नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. तिला पाळी हीच अडचण वाटायला लागते. बीड जिल्ह्यातला प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशाच्या सर्वेक्षणात हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. आडोसा, पाणी आणि पाळीच्या दिवसांची सुटी देण्याऐवजी आपण बायकांची पिशवी काढली, असंच मला हे आकडे वाचताना वाटतं.

हे फक्त बीडचं नाही. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच ऑपरेशनांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला.

आता उपयोगाचं. पिशवीचं काम बाळंतपणाबरोबर संपतं असं धरलं, तरी तिच्या दोन्ही बाजूंच्या ओव्हरींचं, म्हणजे बीजांडकोशांचं, संपत नाही. हाडं, हृदय, झोप, योनीमार्गाचा ओलावा यांची राखण त्यांच्यातून येणारं इस्ट्रोजेन करतं. नुसती पिशवी काढून ओव्हरी ठेवल्या तरी पाळी जाण्याचं वय दोन-चार वर्षं अलीकडे येऊ शकतं. आणि ओव्हरीही काढल्या तर ते त्याच दिवशी येतं.

माझ्याकडे एक बाई आली होती, एक्केचाळीस वर्षांची. गुडघे, कंबर, रात्री अंगातून वाफा, झोप नाही. सात-आठ डॉक्टर झाले होते, वेदनाशामक गोळ्यांचा डबाच सोबत होता. मी जुनी कागदपत्रं मागितली. तळाशी चौपदरी घडी केलेलं डिस्चार्ज कार्ड निघालं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीचं. त्यावर लिहिलं होतं: ‘टीएएच विथ बीएसओ’. पोटातून पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढल्या, एवढाच त्याचा अर्थ. तिला तो नऊ वर्षं कोणी सांगितला नव्हता. तिला वाटत होतं, पिशवी काढली. ऑपरेशनचं कारण म्हणून कार्डावर लिहिलं होतं, ‘पांढरं जाणं आणि कंबरदुखी’.

आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आता पुन्हा डाग दिसतोय. पाळी परत आली का?

नाही. पाळी परत येत नसते. बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर एक थेंब जरी लाल किंवा तपकिरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवा. ‘उष्णतेने झालं असेल’ म्हणून सब्जा पाजत बसू नका. अशा दहा बायकांपैकी नऊ जणींना कॅन्सर नसतो, कोरडेपणा किंवा पॉलिप असतो. पण जिला असतो तिला तो या एका डागाने फार लवकर सांगितलेला असतो, आणि लवकर कळलेला अस्तराचा कॅन्सर बरा होतो. खालून सोनोग्राफी करून अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल, किंवा पातळ असूनही डाग पुन्हा पडत असेल, तर तुकडा तपासायलाच हवा.

मग पिशवी काढायलाच हवी असं कधी असतं?

असतं. त्या वेळी मीही मागेपुढे पाहत नाही. अस्तराचा कॅन्सर, किंवा अस्तरात ‘एटिपिया’ म्हणजे बिघडलेल्या पेशी सापडल्या आणि मूल नको असेल तर. पिशवीच्या तोंडाच्या अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये (पुढच्या टप्प्यात ऑपरेशनऐवजी किरणोपचार लागतात). गाठींनी पोट भरलेलं, लघवी अडते, औषधं आणि तांबी झाली तरी रक्त भरावं लागतंय, अशी बाई. अॅडेनोमायोसिसने दर महिन्याला चार दिवस अंथरुणाला खिळणारी बाई, जिने बाकीचे उपाय करून पाहिले आहेत. बाळंतपणात रक्त थांबतच नसेल तर जीव वाचवायला. अशा बायकांना ऑपरेशनने नवं आयुष्य मिळतं. ‘आधी का नाही केलं’ असं त्याच मला विचारतात.

अंग बाहेर येतं. त्यासाठी?

थोडं खाली येत असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर उपचार, जड उचलणं कमी. जास्त असेल तर आत बसवायची सिलिकॉनची रिंग, हिला पेसरी म्हणतात. वय झालेल्या, भूल न झेपणाऱ्या आजीबाईंना ती फार सोयीची. ऑपरेशन करायचं ठरलं तरी नुसती पिशवी काढून भागत नाही, सैल झालेला आधार पुन्हा बांधावा लागतो. ते करणार का, हे विचारा.

ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांना काय विचारू?

पहिलं, माझ्या आजाराचं नाव काय आणि ते कुठल्या तपासणीत दिसलं. दुसरं, औषध किंवा तांबी माझ्यासाठी का चालणार नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या ओव्हरी ठेवणार ना? पंचेचाळीसच्या आतल्या बाईच्या निरोगी ओव्हरी काढायला ठोस कारण लागतं. घरात ओव्हरी किंवा स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास हे असं एक कारण असू शकतं. संमतीपत्रावर सही करताना हे मराठीत लिहून घ्या. नवऱ्याने सही केली म्हणजे झालं, असं नाही. सही तुमची, आणि ती तुम्हाला समजल्यावर.

चौथं, कुठून काढणार. खालून करता येत असेल तर तेच सगळ्यात बरं, पोटावर टाके नाहीत, बरं व्हायला वेळ कमी. नाही जमलं तर दुर्बिणीने, आणि तेही नाही तर पोट उघडून. पाचवं, पिशवीचं तोंड ठेवणार की काढणार. ठेवलं तर तोंडाच्या कॅन्सरची तपासणी पुढेही चालू ठेवायची.

काढलेली पिशवी तपासायला पाठवतातच, तो हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या.

ऑपरेशननंतर किती दिवस जपायचं? नवऱ्याशी संबंधात फरक पडतो का?

सहा आठवडे हंडा, मोळी, गॅसची टाकी उचलायची नाही. बरी दिसतेय म्हणून तिसऱ्या आठवड्यात बाईला फडात नेलेलं मी पाहिलं आहे, आणि आतले टाके उसवून ती परत आलेलीही. संबंधही सहा ते आठ आठवड्यांनंतर, एकदा तपासून घेऊन. ताप, वास येणारं पाणी, पॅड भरेल इतकं रक्त, पायाला एकाच बाजूला सूज किंवा लघवी आपोआप गळणं यातलं काही झालं तर वाट न पाहता दवाखान्यात या.

योनीमार्ग जागेवर असतो, त्यामुळे संबंध पूर्वीसारखे होतात. रक्तस्राव आणि दुखणं गेल्यामुळे अनेकींना ते सुखाचेही होतात. ओव्हरी काढल्या असतील तर कोरडेपणा येतो, त्यावर क्रीम आहे. सांगायला लाजू नका.

माझी पिशवी तिसाव्या वर्षीच काढली. आता काय करू?

आधी ते डिस्चार्ज कार्ड शोधा. ओव्हरी आहेत की नाहीत, त्यावर सगळं ठरतं. कार्ड हरवलं असेल तर दवाखान्यात जाऊन प्रत मागा. तेही नाही मिळालं तर सोनोग्राफी आणि रक्तातल्या एफएसएच या हार्मोनच्या तपासणीवरून अंदाज येतो.

ओव्हरी नसतील आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल तर हार्मोनचे उपचार पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत घ्यावेत, असाच आमचा सल्ला असतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झालेल्या बाईंसाठी हिशेब वेगळा. त्याशिवाय दूध, नाचणी, तीळ, सकाळचं ऊन, रोज चालणं, रक्तदाब आणि साखरेवर लक्ष. मिश्री आणि तंबाखू बंद, हाडांसाठीही. एक्केचाळीस वर्षांच्या ज्या बाईबद्दल वर लिहिलं, तिला दोन महिन्यांत रात्रभर झोप लागायला लागली. गुडघ्यांना वेळ लागतोय.

दुसरं मत घ्यायचं आहे, पण डॉक्टरांना राग आला तर?

दुसरं मत मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि नीट काम करणाऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. कॅन्सर किंवा न थांबणारा रक्तस्राव सोडला तर पिशवीचं कुठलंच ऑपरेशन ‘उद्याच्या उद्या’ करायचं नसतं. जिल्हा रुग्णालयात, सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात दाखवा. जाताना पाळीची वही, सोनोग्राफीच्या फिल्मसह रिपोर्ट, रक्ताचे जुने-नवे कागद, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि मागची डिस्चार्ज कार्डं न्या. मूळ कागद कोणाकडे सोडून येऊ नका, झेरॉक्स द्या. मोबाइलमध्ये सगळ्याचे फोटो काढून ठेवा, आणि मुलीलाही पाठवून ठेवा.